बाहेरच्या कानाचा जुना दाह आणि कोड शोधायची तीन मोफत साधनं

‘क्रॉनिक ओटायटिस एक्सटर्ना, राइट इअर.’ म्हणजे उजव्या कानाच्या बाहेरच्या भागाचा जुना दाह. चार्टवर इतकं स्वच्छ लिहिलेलं असेल तर कोडरचं, म्हणजे निदानाला वर्गीकरणातला कोड देणाऱ्याचं, काम दोन मिनिटांचं: एच६०.६१. पण कानाच्या ओपीडीतल्या नोंदी अशा क्वचितच येतात. ‘सी.ओ.ई., खाज, थेंब दिले’ एवढीच ओळ असते. बाजू नाही, किती महिने झाले ते नाही, बुरशी आहे की इसब तेही नाही. मग एच६० या गटातल्या पाच-सहा फांद्या सारख्याच दिसायला लागतात. कोडिंगची साधनं पारखायला हा आजार म्हणूनच चांगला. तो रोजचा आहे, लहान आहे आणि साधन कुठे अडतं ते लगेच उघडं पाडतो.

इथे पारखलेली तीन साधनं अशी: अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा आयसीडी-१०-सीएम (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अमेरिकन आवृत्ती) ब्राउझर, आयसीडी१०डेटा हे खाजगी संकेतस्थळ आणि जागतिक आरोग्य संघटनेचा आयसीडी-१० ब्राउझर. तिन्ही मोफत. आमचं मत आधीच सांगतो. अमेरिकन क्लेमवर, म्हणजे उपचाराच्या पैशांसाठी विमा कंपनीकडे केलेल्या दाव्यावर, काम असेल तर कोड ठरवायचा तो पहिल्यावरच. दुसरं भराभर खात्री करून घ्यायला ठीक. तिसरं भारतातल्या रुग्णालयांच्या मेडिकल रेकॉर्ड विभागासाठी योग्य, पण अमेरिकन क्लेमसाठी चुकूनही उघडू नये. का, ते पुढे.

सीडीसीचा ब्राउझर दिसायला साधा, जुनाट वळणाचा आहे. तो उघडला की आधी शब्द टाइप करू नका, आधी वर्ष निवडा. आयसीडी-१०-सीएमचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपतं आणि १ एप्रिललाही काही बदल लागू होऊ शकतात. कोणतं वर्ष घ्यायचं ते रुग्णाला तपासल्याच्या तारखेवरून ठरतं, क्लेम पाठवल्याच्या तारखेवरून नाही. खाजेचाच दाखला घ्या. ‘इतर खाज’ हा एल२९.८ कोड ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत चालत होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचे एल२९.८१ आणि एल२९.८९ असे दोन भाग झाले. सप्टेंबरातली तपासणी ऑक्टोबरात कोड करताना मागचं वर्ष निवडलं नाही तर क्लेम परत येणारच. मागची वर्षं एका यादीतून निवडता येतात, ही या साधनाची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

वर्ष निवडलं की इंडेक्स, म्हणजे आजारांच्या नावांची अकारविल्हे सूची. ‘इअर’ शोधलंत तर ‘कंडिशन पाहा’ एवढाच इशारा मिळतो, कारण इंडेक्स अवयवावर नाही, आजारावर बांधलेला आहे. म्हणून ‘ओटायटिस’, त्याखाली ‘एक्सटर्ना’, त्याखाली ‘क्रॉनिक’ आणि समोर एच६०.६-. शेवटची ती आडवी रेघ महत्त्वाची आहे. कोड अजून पुरा झालेला नाही, टॅब्युलरमध्ये, म्हणजे कोडच्या क्रमाने लावलेल्या यादीत, जाऊन पुढचा अंक आणा, असं ती सांगते. टॅब्युलरमध्ये एच६०.६० म्हणजे कान नोंदलेला नाही, ६१ उजवा, ६२ डावा, ६३ दोन्ही. नुसता एच६०.६ क्लेमवर टाकला तर तो अवैध ठरतो. एच६०.६० वैध आहे, पण मार्गदर्शक नियमच सांगतात की बाजू न नोंदलेला कोड क्वचितच वापरावा, आणि पैसे देणाऱ्या कंपन्यांची नजर याच शेवटच्या शून्यावर असते.

बाजूबाबत एक सोय मात्र पुष्कळ कोडर विसरतात. डॉक्टरांनी बाजू लिहिली नसली आणि त्याच चार्टवर नर्सने किंवा ऑडिओलॉजिस्टने ती नोंदली असली तर त्या नोंदीवरून बाजू घेता येते. दोन नोंदी एकमेकींशी जुळत नसतील तरच डॉक्टरांकडे क्वेरी, म्हणजे विचारणा, पाठवायची. प्रत्येक ‘दोन्ही की एक’ साठी क्वेरी पाठवत बसण्यात दिवस जातो आणि डॉक्टरही वैतागतात.

आता इंडेक्समधले खड्डे. पहिला ‘अ‍ॅक्यूट’ या नोंदीत आहे. तिथे कंसात ‘नॉनइन्फेक्टिव्ह’ असं छापलंय आणि पुढे एच६०.५०-. कंसातला शब्द चार्टवर असो वा नसो, कोड तोच राहतो. इंडेक्सची रीतच तशी आहे. त्यामुळे पू भरलेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या कानावर डॉक्टरांनी नुसतं ‘अ‍ॅक्यूट ओटायटिस एक्सटर्ना’ लिहिलं तर इंडेक्स मुकाट्याने ‘जंतुसंसर्ग नसलेला’ कोड हातात देतो. नोंद आणि कोड एकमेकांशी भांडू लागतात. संसर्ग आहे हे डॉक्टरांनी शब्दांत लिहिलं की वाट बदलते: सगळीकडे पसरलेला दाह एच६०.३१-, पोहणाऱ्यांचा कान एच६०.३३-, इतर संसर्गजन्य एच६०.३९-. यांना सहा अक्षरं लागतात, जुन्या दाहाच्या कोडला पाचच. घाईत इथेच गोंधळ होतो.

दुसरा खड्डा इसबाचा. ‘एक्झिमा’ खाली बाहेरच्या कानाची नोंद शोधलीत तर इंडेक्स ‘ओटायटिस, एक्सटर्ना, अ‍ॅक्यूट, एक्झिमॅटॉइड’ कडे, म्हणजे एच६०.५४- कडे पाठवतो. कानात तीन वर्षं खवले धरलेल्या रुग्णाला तीव्र आजाराचा कोड! डॉक्टरांनी ‘क्रॉनिक एक्झिमॅटस’ असं लिहिलेलं असेल तर क्वेरी पाठवा आणि निदान त्यांच्याच शब्दांत पक्कं करून घ्या. अंदाजाने फांदी निवडू नका.

तिसरा खड्डा बुरशीचा, आणि कोकणासारख्या दमट हवेतल्या ओपीडीत ओटोमायकोसिस, म्हणजे कानातली बुरशी, नेहमीचाच असल्यामुळे आपल्याकडच्या कोडरना हा आजार ओळखीचा असतो. कॅन्डिडा ही बुरशी असेल तर एकच कोड, बी३७.८४. त्यात बाजू सांगायला जागाच नाही. उजवा कान असो वा डावा, कोड तोच. त्याला एच६२.४- जोडायला जाल तर तिथली एक्स्क्लूड्स-१ ची, म्हणजे हे दोन कोड एकत्र लावू नका असं सांगणारी, टीप अडवते. अ‍ॅस्परजिलस असेल तर इंडेक्स बी४४.८९ देतो. नेमकी कोणती बुरशी ते लिहिलेलं नसेल तर इंडेक्समध्ये बी३६.९ आणि पुढे चौकटी कंसात एच६२.४० अशी जोडी दिसते. चौकटी कंसाचा अर्थ असा की मूळ आजार आधी, कानातलं रूप नंतर. हा क्रम उलटवायचा नाही. पण इंडेक्समध्ये छापलेला तो ४० म्हणजे ‘कान नोंदलेला नाही’. तो जसाच्या तसा उतरवू नका. टॅब्युलर उघडून उजव्यासाठी ४१, डाव्यासाठी ४२, दोन्हीसाठी ४३ करा. बाजू चार्टवर ठळक लिहिलेली असूनही क्लेमवर ‘नोंदलेली नाही’ जाते, ती बहुतेक वेळा याच जागी.

जुना दाह मधूनच भडकतो तेव्हा डॉक्टर ‘अ‍ॅक्यूट ऑन क्रॉनिक’ लिहितात. इंडेक्समध्ये ‘अ‍ॅक्यूट’ आणि ‘क्रॉनिक’ एकाच पातळीवर आहेत, म्हणून दोन्ही कोड द्यायचे आणि तीव्र आधी. उजव्या कानाला एच६०.५०१ आणि मग एच६०.६१. पातळी म्हणजे ओळ किती आत सरकवली आहे ते. सीडीसीच्या ब्राउझरवर ती छापील पुस्तकासारखीच दिसते, म्हणून हे नजरेला लगेच कळतं. नुसत्या शोधचौकटीवर चालणाऱ्या साधनांत ही पातळीच दिसत नाही. आमच्या मते सीडीसीचा ब्राउझर वापरायचं हे सर्वांत मोठं कारण.

औषधांच्या तक्त्यातही सावध राहावं. निओमायसिन या प्रतिजैविकाच्या थेंबांनी कानाच्या कातडीला अ‍ॅलर्जी होणं हे जुन्या दाहातलं नेहमीचं चित्र. डॉक्टरांनी तसं निदान लिहिलं असेल तर एल२३.३ आणि त्यासोबत औषधाच्या दुष्परिणामाचा कोड. तक्त्यात ‘निओमायसिन’ च्या पहिल्या ओळीवर टी३६.५एक्स- दिसतो आणि घाईतला हात तिथेच थांबतो. खाली ‘ईएनटी एजंट’ अशी वेगळी ओळ आहे, तिथला टी४९.६एक्स५ बरोबर, आणि पहिल्या उपचाराच्या भेटीला शेवटी ए: टी४९.६एक्स५ए. तक्ता साधनात वेगळा उघडावा लागतो. साध्या शोधात तो पुढे येईल असं धरून चालू नका.

आता आयसीडी१०डेटा. जाहिराती सोसायच्या तयारीने उघडा, पण वेगात हे उजवं आहे. क्लेमला चालणारा कोड आणि अर्धवट कोड रंगीत खुणांनी वेगळे दिसतात, त्यामुळे एच६०.६ आणि एच६०.६१ यांतला फरक नवशिक्यालाही कळतो. कोड कोणत्या वर्षी आला, कधी बदलला याचा इतिहास त्याच पानावर मिळतो. इंडेक्समधल्या कोणत्या नोंदी या कोडकडे येतात तेही उलट्या दिशेने दाखवतं, आणि शिकणाऱ्याला याचा मोठा उपयोग आहे. काळजी ‘अंदाजे समानार्थी’ या यादीबाबत घ्यावी. ती अधिकृत इंडेक्सचा भाग नाही. ऑडिटरने ‘हा कोड कशाच्या आधारे?’ विचारलं तर त्या यादीकडे बोट दाखवता येत नाही. शोधात कोड मिळाला, तेवढ्यापुरता बघून घेतला, पण इंडेक्स आणि टीपा वाचल्याच नाहीत, ही सवयही या साधनाने लागते. बुरशीच्या उदाहरणात ती नेमकी महागात पडते.

जागतिक आरोग्य संघटनेचा ब्राउझर स्वच्छ आहे, जाहिराती नाहीत. त्यावरची आयसीडी-१० ची आवृत्ती २०१९ ची. पण तिथे एच६०.६ नावाची फांदीच नाही. ‘क्रॉनिक ओटायटिस एक्सटर्ना’ असं तपशिलाविना निदान तिथे एच६०.८ मध्ये जातं, आणि बाजू सांगायची सोय नाही. अमेरिकन आवृत्तीत मात्र एच६०.८ म्हणजे ‘इतर’, आणि तो पुरा करायला मध्ये एक्स भरावा लागतो: उजव्याला एच६०.८एक्स१, डाव्याला एच६०.८एक्स२, दोन्हीला एच६०.८एक्स३, कान न नोंदल्यास एच६०.८एक्स९. एक्स गाळून ‘एच६०.८१’ असा कोड टाकणं ही ठरलेली चूक. एकच अक्षरं, एकच अंक, पण दोन वर्गीकरणांत अर्थ वेगळा. पुण्या-मुंबईत सकाळी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आणि संध्याकाळी अमेरिकन क्लेमवर काम करणाऱ्यांनी हा फरक कागदावर लिहून समोर लावावा. भारतातल्या आरोग्य विम्याच्या दावा-अर्जाच्या रुग्णालयाने भरायच्या भागात आयसीडी-१० च्या कोडला रकाना आहे. तिथे जागतिक आवृत्ती की अमेरिकन, हे आधी विचारून घेतलेलं बरं. आयसीडी-११ हे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेलं वर्गीकरण असून त्यात बाजू वेगळ्या जोडकोडने सांगता येते. जागतिक आवृत्तीतली ही उणीव तिथे भरून निघाली.

जुन्या दाहासाठी रुग्णाला दाखल करण्याची वेळ सहसा येत नाही. दाखल होतो तो बहुधा मॅलिग्नंट ओटायटिस एक्सटर्नाचा रुग्ण, बऱ्याचदा वयस्क आणि मधुमेही. नावात ‘मॅलिग्नंट’ असलं तरी हा कर्करोग नाही, हाडापर्यंत जाणारा संसर्ग आहे. दोन्ही वर्गीकरणांत तो एच६०.२ खालीच, आणि अमेरिकन आवृत्तीत उजवा २१, डावा २२, दोन्ही २३. कर्करोगाच्या तक्त्यात पाऊलही टाकू नये. चुकून ‘सी’ ने सुरू होणारा, कर्करोगाचा कोड लागला तर रुग्णाच्या विम्याच्या नोंदीत नसलेला कर्करोग चिकटतो, आणि तो पुसायला घरच्यांना किती कागद फिरवावे लागतात ते काउंटरवर बसणाऱ्यांना माहीत आहे.

तिन्ही साधनांची एक मोठी मर्यादा म्हणजे प्रोसीजरचे, म्हणजे डॉक्टरांनी केलेल्या कामाचे, सीपीटी कोड यांत नाहीत. सीपीटीचे हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे आहेत. पूर्ण वर्णन हवं तर पुस्तक किंवा पैसे भरून घ्यायचं साधन लागतं. मोफतात सीएमएसच्या (मेडिकेअर हा अमेरिकन सरकारी आरोग्य विमा चालवणाऱ्या संस्थेच्या) फी शेड्यूल शोधावर कोडचं त्रोटक वर्णन आणि दोन्ही बाजूंचा नियम दाखवणारा अंक मिळतो. तेवढ्यावरही बरंच भागतं. उदाहरणार्थ ६९२१०, म्हणजे घट्ट बसलेला मळ उपकरणाने काढणं. सीपीटीच्या वर्णनात हा एका कानाचा कोड आहे, पण सीएमएसच्या तक्त्यात त्याचा दोन्ही बाजूंचा अंक २ आहे. म्हणून मेडिकेअर दोन कानांचे वेगळे पैसे देत नाही. नुसत्या पिचकारीने धुऊन काढला तर ६९२०९, आणि एकाच कानाला दोन्ही कोड एकत्र नाहीत.

जुन्या दाहात इथे नेहमी गल्लत होते. कानाच्या नळीतून डॉक्टर जे काढतात ते बऱ्याचदा मळ नसतं. मेलेली कातडी, स्राव, बुरशीचा थर असतो. ६९२१० घट्ट बसलेल्या मळासाठीच आहे. दाहातला कचरा साफ करायला वेगळा कोड नाही, ते काम तपासणीच्या भेटीतच धरलं जातं. ६९२१० लावायचाच असेल तर नोंदीत तीन गोष्टी हव्यात: मळ घट्ट बसला होता, तो कोणत्या उपकरणाने काढला (क्युरेट, सक्शन की फोर्सेप्स), आणि कोणत्या कानातून. निदानातही मळाचा एच६१.२- वेगळा यायला हवा, उजव्याला एच६१.२१. त्याच दिवशी तपासणीचे पैसे मागताना मॉडिफायर २५ ही जोडखूण लागते आणि तपासणी मळ काढण्याहून वेगळी झाली हे नोंदीतून दिसावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही डोळ्यांनी तपासणी केली असेल तर ९२५०४, पण तो स्वतंत्र निदानासाठीच. त्याच जागी काही काढायला यंत्र वापरलं असेल तर आधी एनसीसीआयच्या, म्हणजे कोणते कोड एकत्र चालत नाहीत हे सांगणाऱ्या सीएमएसच्या, जोड्या तपासा.

‘क्रॉनिक’ या शब्दाने भेटीचा स्तर (ज्यावरून भेटीचे पैसे ठरतात) ठरवतानाही घोळ होतो. वैद्यकीय बोलीत सुमारे तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या दाहाला जुना म्हणतात. भेटीच्या स्तराच्या नियमांत क्रॉनिक आजार म्हणजे किमान एक वर्ष किंवा आयुष्यभर चालेल अशी अपेक्षा असलेला आजार. दोन्ही एक नव्हेत. २०२१ पासून ओपीडी भेटीचा स्तर वैद्यकीय निर्णयावर किंवा एकूण वेळेवर ठरतो, आणि निर्णयाच्या तीन घटकांपैकी दोन जुळावे लागतात. औषध लिहून देण्याचा निर्णय मध्यम जोखमीत येतो. स्थिर असलेला एकच जुना आजार मात्र ‘कमी’ या पातळीवर. दुसरं काही नसेल तर एकूण हिशोब ९९२१३ या भेटीच्या कोडला थांबतो. जुना आजार भडकला आहे असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर समस्या मध्यम होते आणि त्यावरच्या ९९२१४ ला आधार मिळतो. ‘थेंब दिले’ एवढ्यावर मात्र ऑडिटर औषधाचा निर्णय मान्य करेलच असं नाही. कोणते थेंब, किती, किती दिवस, जुने का बंद केले, हे हवं.

उपयोगी पडेल अशी नोंद साधारण अशी असते: उजव्या कानात १४ महिन्यांपासून खाज आणि अधूनमधून पातळ स्राव. नळीची कातडी जाड, कोरडी, खवलेली. नळी अरुंद नाही. पडदा पूर्ण दिसतो, छिद्र नाही. बुरशीचे धागे नाहीत. कानाची पाळी ओढल्यावर दुखत नाही. डावा कान निरोगी. टाइप २ मधुमेह. उजव्या कानात श्रवणयंत्र. निदान: क्रॉनिक ओटायटिस एक्सटर्ना, उजवा. त्यावरून कोड एच६०.६१, मधुमेहाचा ई११.९, श्रवणयंत्राचा झेड९७.४. पडद्याचा उल्लेख नुसत्या कोडिंगसाठी नाही. पडद्याला छिद्र असेल तर अमिनोग्लायकोसाइडचे (निओमायसिनसारख्या प्रतिजैविकांचे) थेंब टाळतात, आणि मग तो आजार मधल्या कानाचा, एच६६ च्या बाजूचा निघण्याची शक्यता असते. ‘कान वाहतो’ या एका तक्रारीतून दोन्हीकडे वाट फुटते. नळी दाहाने अरुंद झाली असेल तर ते वेगळं लिहायला हवं. त्यासाठी एच६१.३२- आहे, उजव्याला एच६१.३२१. स्वॅबमध्ये स्यूडोमोनस हा जंतू आला तरी नुसत्या प्रयोगशाळेच्या कागदावरून बी९६.५ जोडू नये. तो जंतूच कारण आहे असं डॉक्टरांनी म्हटलं पाहिजे.

आणि ओपीडीत ‘शक्यता’, ‘संशय’, ‘बहुधा’ लिहिलेलं निदान कोड करायचंच नाही. तिथे लक्षण कोड करा: कान दुखणं एच९२.०-, कान वाहणं एच९२.१-. निदान पक्कं असेल तर हीच लक्षणं वेगळी लावू नका, ती आजारात आलीच.

सीडीसीच्या ब्राउझरसाठी इंटरनेट लागतं. जिथे ते अधूनमधून जातं तिथे सीडीसी आणि सीएमएसच्या संकेतस्थळांवरून इंडेक्स, टॅब्युलर आणि मार्गदर्शक नियमांच्या पीडीएफ फाइल उतरवून ठेवा, त्याही मोफत आहेत. फाइलच्या नावात वर्ष लिहा आणि दर ऑक्टोबरला बदलांची पुरवणी वाचून जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. ती पुसून टाकू नका. मागच्या वर्षीचे परत आलेले क्लेम तिच्यावरच तपासावे लागतात.